कोरडे ओठ

मी नर्स होते. नाशिकमधल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मेडिसिन वॉर्डात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि त्यातला बराचसा काळ लोकांच्या डोळ्यांवर बॅटरी मारण्यात गेला. घरी आमचे हे म्हणायचे, "हिच्याशी भांडायची सोयच नाही, तोंड उघडायच्या आधी ही आपली बाहुली बघते." बघायचेच मी. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, बसमध्ये शेजारच्या बाईला जागा देताना माझं लक्ष आधी डोळ्याच्या काळ्या ठिपक्याकडे जायचं. तो केवढा आहे, उजेडात लहान होतो का, दोन्हीकडे सारखा आहे का. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. आता नातवंडं माझ्यासमोर डोळे मिटून बसतात.

ही खोड लावली ती फवारणीच्या औषधांनी. मी नोकरीला लागले तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. विष म्हटलं की आम्हाला साप आणि विंचू आठवत. पुढे भाजीवर, टोमॅटोवर औषधं मारायला सुरुवात झाली. मग द्राक्षबागा वाढल्या आणि ऐंशीनंतर तर ऑक्टोबरची छाटणी झाली की आमच्या वॉर्डात निदान एखादी खाट त्या वासाची असायचीच. लसूण ठेचून त्यावर रॉकेल ओतावं तसा काहीसा तो वास. पेशंट जिन्यात असतानाच मला कळायचं की काय आलंय. कुणी रागाच्या भरात प्यायलेलं असे. कुणी अंगावर उडालेलं असूनही हात न धुता भाकरी खाल्लेली असे. एका शहाण्या आईने तर ढेकणांचं औषध लेकीच्या केसांना उवांसाठी चोळलं होतं, वरून फडकंही बांधलं होतं. हवालदार आला की त्याचा एकच प्रश्न, "प्यायला की उडालं?" त्याला ते महत्त्वाचं होतं. आम्हाला नव्हतं, कारण आत गेल्यावर विष दोघांनाही सारखंच वागवतं.

ते आत काय करतं हे मला शिकवलं देवरे सरांनी. सर आमचे फिजिशियन. बागलाणातले. पेशंटशी आणि आमच्याशी शुद्ध बोलायचे, पण गावाकडचं कुणी भेटलं किंवा जीव घाबरा झाला की त्यांची अहिराणी सुटायची. नर्सला शिकवायचं कशाला, असं मानणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले. सर त्यातले नव्हते. ते म्हणायचे, "पगारे सिस्टर, मी तासाने येणार, तुम्ही इथेच बसणार. तर कळायला कुणाला हवं?"

त्यांनी सांगितलं होतं ते असं. आपली नस स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम देते, तो एका रसायनाच्या रूपाने. हुकूम पोचला, काम झालं, की दुसरं एक रसायन येऊन तो पुसून टाकतं, मास्तरांनी फळा पुसावा तसं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच धरून ठेवतं. मग फळ्यावर हुकूम साठत जातात आणि शरीर ते पाळत सुटतं. तोंडाला पाणी सुटतं ते थांबत नाही. डोळे गळतात, नाक गळतं, पोटात कळा येतात, कपडे खराब होतात. बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते. दंडाची कातडी उगाच फुरफुरते. आणि फुप्फुसातही पाणी सुटतं. माणूस कोरड्या खाटेवर, कोरड्या चादरीवर, आमच्या डोळ्यांदेखत बुडतो.

यावर औषधं दोन. पहिलं अॅट्रोपीन. ते विषाला हात लावत नाही, पुसणाऱ्याला सोडवतही नाही. ते फक्त त्या हुकमांच्या आड येऊन उभं राहतं. फळ्यावर काय लिहायचं ते लिहा, वाचणारा डोळे मिटून बसलाय. त्याने तोंड सुकतं, छाती सुकते, बाहुली मोठी होते, नाडी धावते. दुसरं पॅम. हे खरं सोडवणारं. विषाच्या तावडीतून पुसणाऱ्याला ओढून काढतं आणि लुळ्या पडत चाललेल्या स्नायूंत बळ आणतं. पण ते लवकर मिळायला हवं. उशीर झाला की विष त्याला असं चिकटतं की मग सुटत नाही. आणि आमच्याकडे ते कधी असे, कधी नसे. सरांनी कपाटात जपून ठेवलेल्या बाटल्यांकडे आम्ही आईच्या दागिन्यांकडे बघावं तसं बघायचो.

दोघांत आणखी एक फरक आहे, आणि त्यावरच ही सगळी हकिकत उभी आहे. रक्तातलं वाटेल ते आपल्या मेंदूत सरळ शिरत नाही. दारावर राखण असते. सर म्हणायचे, "पॅम म्हणजे मानापानाचा पाहुणा. ओट्यापर्यंत येतो, आत या म्हटलं तरी येत नाही. अॅट्रोपीन म्हणजे शेजारची मांजर. दार लावा, खिडकी लावा, ती चुलीपाशी बसलेलीच." छाती कोरडी करायला जेवढं अॅट्रोपीन द्यावं लागतं, तेवढं दिलं की त्यातलं काही डोक्यात शिरतंच. आणि मग माणूस बरळायला लागतो.

हे बरळणं तापातल्या बरळण्यासारखं नसतं. अॅट्रोपीन माणसाचा धंदा बाहेर काढतं. एका शिंप्याने चादरीची कड धरून दिवसभर शिवणयंत्र चालवलं होतं, पाय खाटेवर हलत होते. एका बाईने सगळ्या वॉर्डासाठी भाकऱ्या थापल्या आणि कुणी वाढून घेत नाही म्हणून रुसून बसली. पण खरी मजा केली ती पेठच्या गाडीवरच्या एका एस.टी. कंडक्टरने. खोलीत ढेकणांचं औषध मारून हा खिडकी लावून दुपारी झोपला होता. दुसऱ्या दिवशी मेट्रन राउंडला आल्या. आमच्या मेट्रन म्हणजे कडक काम. त्यांची सावली पडली तरी चादरीच्या सुरकुत्या आपोआप जात. त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या, तर हा उठून बसला आणि खड्या आवाजात ओरडला, "ओ बाई, दारात उभ्या राहू नका, पुढे सरका, गाडी मोकळी आहे!" आणि मेट्रन खरंच एक पाऊल पुढे सरकल्या. आम्ही सगळ्या जणी औषधाच्या कपाटात तोंड घालून हसलो. तो बरा होऊन गेला. पुढे मी एकदा त्याच्या गाडीत बसले, तर त्याने मला पुढची जागा दिली. त्याला स्वतःला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आठवत नाही, हे अॅट्रोपीनचं एक चांगलं आहे. ज्याला आठवतं तो खाटेशेजारी बसलेला असतो.

देवराम आला तो दिवाळीनंतर. हरसूलकडच्या डोंगरातला माणूस. वर भात कापून झालं की ती माणसं खाली बागांवर कामाला उतरतात. बायको, लहानगं पोर, म्हातारा बाप असं सगळं बिऱ्हाड घेऊन तो एका बागेत राहत होता. औषध पिंपात ओतायचं आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं, अशीच तेव्हा सगळीकडे पद्धत होती. काठीने ढवळलं तर तळाशी साका राहतो म्हणत. मग पाठीवर पंप घेऊन वेलीखालून चालायचं. वेल डोक्याच्या वर, त्यामुळे फवारा वर जातो आणि निम्मा माणसावर उतरतो. तसं त्याने लागोपाठ काही दिवस केलं होतं. त्या सकाळी तो पंपासकट बसला तो उठलाच नाही.

बागवाल्याने जीपमध्ये घालून आणलं. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडातून फेस, छातीत घरघर. आम्ही आधी कपडे कापून काढले, साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत धुतला आणि लगेच अॅट्रोपीन सुरू केलं. त्या काचेच्या छोट्या अँप्यूल. एकेक आरीने घासून मोडायची आणि सिरिंज भरायची. बोटं कापायची, आम्ही पट्टी लावून पुढची मोडायचो. सर स्वतः उभे होते. पॅमही होतं, नशीब म्हणायचं. दुपारपर्यंत घरघर थांबली. बाहुली उघडली. ओठ सुकले. सर म्हणाले, "आला ताळ्यावर." मी त्याच्या बायकोला हाक मारली.

चांगुणा तिचं नाव. विशीतली असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं, कडेला पोर. ती आली, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली आणि मग तिथून हललीच नाही. म्हातारा, म्हणजे तिचा सासरा बुधाबाबा, व्हरांड्यात बसे आणि मधूनमधून दारातून डोकावून जाई.

संध्याकाळच्या आत मला एक गोष्ट खटकली. देवरामची बाहुली चांगली मोठी होती, नाडी धावत होती, चेहरा लाल होता. सगळं म्हणत होतं की अॅट्रोपीन पुरेसं पोचलंय. पण ओठ ओले. ओठ ओले म्हणजे तोंडाला पाणी सुटतंय, म्हणजे औषध वाढवायला हवं. मी सिरिंज भरायला घेतली आणि थांबले. एकाच शरीरात दोन बातम्या कशा? परत येऊन बघितलं तर चांगुणाच्या पदराचं टोक ओलं. गाडग्यातल्या पाण्यात बुडवून ती त्याचे ओठ पुसत होती.

मी कडाडले. आवाज माझा मुळातच मोठा. ती घाबरली, पण पदर काही मागे घेईना.

"बाय, ओठ कसे लाकडावानी झाले त्याचे," ती म्हणाली. "आमच्यात आजारी माणसाचे ओठ वाळू देत नाय. पाप लागतं. पाणी पाणी करीत जीव गेला तर त्याला तिकडं बी पाणी मिळत नाय."

मग मात्र मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिला सांगितलं की याचे ओठ आम्हीच वाळवलेत. आत छातीत पाणी भरत होतं, ते आम्ही औषधाने सुकवलंय. छाती मला दिसत नाही, ओठ दिसतात. ओठ कोरडे तोवर छाती कोरडी. तू ते ओले केलेस तर मला आतलं काहीच कळायचं नाही. आणि शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलंस तर ते भलत्याच ठिकाणी जाईल.

"म्हंजी कोरडे ऱ्हायले तर जगंल?"

"कोरडे राहिले तर आम्हाला कळेल. ते आपोआप ओले झाले की मला लगेच हाक मार. डोळा बदलला तरी हाक मार. हे औषध शरीरातून लवकर जातं. विष चरबीत दडून बसतं आणि हळूहळू बाहेर येत राहतं. औषध गेलं आणि विष उरलं, असं झालं तर धोका."

तिने पदर पिळून टाकला. त्यानंतर तो "पाणी" म्हणाला की ती स्वतःच्या ओठांवर हात दाबून धरायची. नवरा तहानेने तळमळतोय आणि आपण गाडग्याशेजारी बसून बघायचं, हे तिला जमलं. मला जमलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी अॅट्रोपीन डोक्यात चढलं. देवराम उठून बसायचा प्रयत्न करी. आम्ही हात खाटेला पट्टीने बांधले, पण सैल, कारण त्याला काम होतं. डाव्या हातातून काहीतरी चिमटीत घ्यायचा, वाकायचा आणि चादरीत खोचायचा. परत घ्यायचा, परत खोचायचा. एका ओळीत. मला कळेना. चांगुणाला बघताक्षणी कळलं.

"आवणी करतो," ती म्हणाली. "भाताची." आणि थोड्या वेळाने, "लय दाट लावतोय. विरळ लाव म्हणावं."

त्या दिवशी त्याने डोंगरातलं सगळं वावर लावून काढलं असेल. सोबतीला त्याची आई होती. ती वारून काही वर्षं झाली होती. तो तिच्याशी बोले, तिला रोप पुढे दे म्हणे. चांगुणाकडे बघून तिलाच आई म्हणे. ती सुरुवातीला "मी नाय, मी नाय" म्हणत होती. नंतर तिने म्हणणं सोडलं आणि रोप पुढे द्यावं तसा हात पुढे करू लागली.

बुधाबाबाने हे दारातून ऐकलं आणि तो सरळ आत आला. मेलेली बाई लेकाला न्यायला आलीय, आता इथे ठेवून भागायचं नाही, गावाकडे भगताकडे न्यायला हवं, असं त्याचं म्हणणं. जीप बघतो म्हणाला. सर आले. सरांनी आधी समजावलं, मग ते तापले.

"बाबा, घाट चढेपर्यंत हा जगायचा नाही," सर म्हणाले. "औषध तोवर उतरेल, आणि तुझ्या जीपमध्ये ते द्यायला कोण आहे? काय करशी तू?"

"ती त्याला बोलावती हाय, डाक्तर. तुमच्या सुईला ती दिसत नाय."

मी म्हटलं, "बाबा, तुझी बायको आली असेल नसेल, मला माहीत नाही. पण त्याला दाखवतंय ते आमचं औषध. ते त्याच्या डोक्यात शिरलंय म्हणून तो असं बोलतो. आणि ऐक, मला त्याच्या असल्या बोलण्याची भीती वाटत नाही. तो वेळेआधी शहाण्यासारखा बोलायला लागला तर मला भीती वाटेल."

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की वेड कुणाला लागलंय असा त्याला प्रश्न पडला असावा. पण चांगुणा उठून खाट आणि सासरा यांच्यामध्ये उभी राहिली. सासऱ्यासमोर ती एरवी मान वर करीत नसे. म्हणाली, "मामा, त्याला हलवू नका. तुम्ही जा, भगताला इचारा. मी हाय त्याच्यापाशी." मग तोडगा निघाला. म्हातारा दुपारच्या गाडीने गावाला गेला, पोराला बरोबर घेऊन. सर बाहेर पडताना मला म्हणाले, "आपण त्यांना जे पटवू शकलो नाही, ते तिने उभं राहून पटवलं."

तिसरा दिवस उजाडला तेव्हा आम्ही जरा सैल झालो होतो. बरळणं फार वाढल्यामुळे सरांनी अॅट्रोपीन थोडं कमी केलं होतं. ते बरोबरच होतं. जास्तीचं अॅट्रोपीनही माणसाला मारतं, ताप चढतो, काळीज थकतं. तारेवरची कसरत असते ती. छाती साफ होती. मी पलीकडच्या खाटेवर एका म्हातारीला इंजेक्शन देत होते. वॉर्डात ऊन आलं होतं, चहाची किटली फिरत होती.

"बाय!"

चांगुणाचा आवाज मोठा नव्हता. मी वळले तर ती दोन्ही हात वर करून उभी होती, पदर लांब धरून.

"ओठ ओले झालेत," ती म्हणाली. "मी नाय केले, बाय. शप्पत. मी नाय केले."

मी धावले. बाहुल्या परत टाचणीवर आल्या होत्या. तो शुद्धीत होता. माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, म्हणजे अगदी बरोबर. पण त्याला उशीवरून मान उचलता येत नव्हती. आम्ही अॅट्रोपीन दिलं, छातीतलं पाणी थोपवलं. पण या वेळी नुसतं पाणी नव्हतं. श्वास ओढणारे स्नायूच लुळे पडत होते, आणि त्यांच्यावर अॅट्रोपीनची मात्रा चालत नाही. पॅम दिलं. ते यायचं तेव्हा येऊन गेलं होतं, आता त्याला सोडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. विष घट्ट बसलेलं. असं दोन-तीन दिवसांनी होतं, चांगला सुधारलेला माणूस मानेपासून ढिला पडत जातो, हे आम्ही पाहिलं होतं. त्याला नाव आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं. श्वासाचं मशीन तेव्हा आमच्याकडे नव्हतं. रबरी फुगा होता. तो तोंडावर बसवून हाताने दाबायचा. मी दाबला, वॉर्डबॉयने दाबला, सरांनी कोट काढून दाबला. सर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "काय व्हयनं रे भाऊ, काय व्हयनं." ऊन खाटेवरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा सरांनी हात थांबवला.

चांगुणा रडली नाही. तिने मला विचारलं, "आता ओठांना पाणी लावू?"

मी गाडगं तिच्या हातात दिलं आणि वॉर्डातून बाहेर गेले. पुष्कळ मरणं पाहिली मी, पण त्या दिवशी मला तिथे उभं राहवेना.

बुधाबाबा दुसऱ्या दिवशी भगताने मंतरलेले तांदळाचे दाणे फडक्यात बांधून घेऊन आला. त्याने ते कुणालाच दिले नाहीत. प्रेत घेऊन गेले, आणि त्या खाटेवर दुपारी दुसरा पेशंट आला.

मी सरांना विचारलं होतं, तिने आणखी आधी हाक मारली असती तर? सर म्हणाले, "फरक पडला नसता, सिस्टर. त्याची मान आधीच गेली होती." सर पेशंट मेल्यावर गोड बोलणाऱ्यातले नव्हते, म्हणून मी विश्वास ठेवला.

शिमग्याच्या सुमाराला बागांचा माल उतरला की डोंगरातली माणसं परत वर जातात. तेव्हा एक दिवस दुपारी चांगुणा वॉर्डाच्या दारात उभी. एकटीच, कडेवर पोर. मला वाटलं पोर आजारी आहे. मी सवयीने आधी त्याच्या बाहुल्या बघितल्या. पोर ठणठणीत होतं.

"बाय, एक इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "खरं सांगशील?"

मी तिला आमच्या नर्सांच्या खोलीत नेलं. माझ्या डब्याची वेळ झाली होती. ती बाकावर न बसता खाली बसली.

"त्या दिशी, ओठ ओले व्हायच्या वाईच आधी, तो माझ्याशी बोलला," ती सांगू लागली. "आधी मला आय म्हणायचा ना? तवा माझं नाव घेतलं. चांगुणा म्हणाला. आमच्यात नवरा-बायकू नाव घेत नाय. लगीन झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं. मामा म्हणतो, तो नव्हताच. म्हणतो, सासूच त्याच्या तोंडानं बोलली, नायतर तुमची दवा बोलली. त्यो असता तर नाव कशाला घेता?" तिने पोराला मांडीवर सारखं केलं. "तू म्हणली व्हतीस, दवा डोक्यात शिरती, मंग माणूस बोलतो तो त्यो नसतो. तर त्यो व्हता का दवा व्हती?"

मी क्षणभर मनाशी सगळं जुळवून बघितलं. अॅट्रोपीन कमी केलेलं. बाहुल्या आकसलेल्या. ओठ ओले. मांजर चुलीपासून उठून केव्हाच बाहेर गेली होती. रोप नाही, आवणी नाही, आई नाही. समोर खाटेपाशी बसलेली बायको त्याला तिच्या नावानिशी दिसली होती. निदान या एका प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते तिच्या बाजूचं आहे या समाधानात मी म्हणाले,

"तोच होता. औषध तोवर डोक्यातून उतरलं होतं. म्हणून तर त्याने तुला ओळखलं. दुसरं कुणी नव्हतं."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिचा चेहरा उतरला.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"जेवलीस का, म्हणाला."

"मग?"

"मी जेवले म्हणाले." ती जमिनीकडे बघत होती. "नव्हते जेवले. त्याला आणला तवापासून पोटात काय नव्हतं. ओठ बघायचे व्हते ना, उठून चूल कवा पेटवू? त्याला घोर नको म्हणून म्हणाले. मनाला म्हणत व्हते, तो नव्हताच, दवा व्हती, दवाशी खोटं बोललं तर काय व्हतंय. आन त्योच व्हता. शेवटचं मी त्याला खोटं बोलले, बाय."

ओठांवर लक्ष ठेवायला तिला मीच बसवलं होतं. तिच्या जेवणाची चौकशी मात्र माझ्या नाही, त्याच्या मनात आली होती. अॅट्रोपीन कुठे जातं, पॅम कुठे थांबतं, हे मला सांगता येत होतं. याच्यापुढचं शिक्षण मला कुणी दिलेलं नव्हतं. मी उठले आणि माझा डबा तिच्यापुढे उघडला. मेथीची भाजी होती, बाजरीच्या भाकरी होत्या, कांदा होता. म्हटलं, "जेव."

ती नाही म्हणाली. मी पोराला उचलून घेतलं आणि परत म्हटलं, "जेव, चांगुणा."

मग ती जेवली. सावकाश, एकेक घास नीट चावून, भाकरीचा तुकडाही खाली न सांडता. मध्ये माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. डबा स्वच्छ झाला. ती तांब्याने पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं, आणि खिडकीतून वॉर्डाकडे बघत, मी तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाली, "जेवले रं."